तहाच्या तारखेनंतर

इतिहासाच्या पुस्तकातील युद्ध मोठे शिस्तीचे असते. ते एका तारखेला सुरू होते आणि दुसऱ्या तारखेला संपते. मग तहाची कलमे येतात. ती पाठ झाली की विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे वळतो. परीक्षेत 'कारणे व परिणाम लिहा' असा प्रश्न येतो, तेव्हा मुलूख कोणाकडे गेला आणि सत्ता कोणाची वाढली हे आपण परिणामांत लिहितो. त्या युद्धाच्या वेळी जी मुलगी सोळा-सतरा किंवा एकोणीस वर्षांची होती, तिचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. मला स्वतःला एकोणिसावे लागले आहे म्हणून असेल, पण प्रकरण संपले तरी माझे मन त्या मुलीपाशी अडून राहते. या लेखात तिच्याविषयीच थोडे लिहायचे आहे. फार लांब न जाता आपल्या वऱ्हाडापासूनच सुरुवात करू.

चिखलदऱ्याला आपल्यापैकी बहुतेक जण सहलीला जाऊन आले आहेत. तेथून जवळच गाविलगड आहे. किल्ल्याचे दरवाजे पाहून, फोटो काढून आपण परत येतो. या किल्ल्यावर १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांचा हल्ला झाला. त्याआधी सोळा दिवस, २९ नोव्हेंबरला, अकोला जिल्ह्यातल्या अडगावला मोठी लढाई झाली होती. तीत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि मोडलेल्या फौजेतील बरेच लोक गाविलगडाच्या आश्रयाला आले. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. किल्लेदार होता बेनीसिंग नावाचा राजपूत. तो लढता लढता मारला गेला. किल्ला पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. एवढे आपण शिकतो.

गॅझेटिअरात याच प्रसंगाची आणखी एक हकीकत आहे. किल्ला हातचा जाणार असे दिसताच त्या राजपूत सरदारांनी आपल्या बायकामुलींचा जोहार करण्याचे ठरविले. पण तो जोहार पुरा झाला नाही. काही थोड्या बायका मेल्या, काही जखमी होऊन वाचल्या. ज्यांच्या हाती हे काम दिले त्यांचे हात थरथरले असतील, किंवा बायकांनीच मरायला नकार दिला असेल. वेलस्ली स्वतः त्यांना पाहायला गेला आणि त्यांना सन्मानाने वागविण्याचा हुकूम त्याने दिला, असे इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. किल्ल्याच्या तटावर प्रथम चढणाऱ्या कॅप्टन कॅम्पबेलचे नाव पुस्तकांत आहे. वाचलेल्या त्या बायकांची नावे, वये काहीच नाही. १७ डिसेंबरला तह झाला तेव्हा त्यांच्या जखमाही भरल्या नसतील. बाप आणि नवरे मेलेले, आणि ज्या रूढीने आपल्याला मरायला सांगितले तिच्यातून आपण जिवंत राहिलेलो, अशा स्थितीत त्या कोणाच्या दारात गेल्या असतील?

मला या हकीकतीतून एकच गोष्ट दाखवायची आहे. लढाई संपल्यावर अशा तरुण मुलींचे काय करायचे हे ठरविणारे लोक काळाप्रमाणे बदलत गेले. कधी ते तलवार हातात घेतलेले आप्त होते, कधी जातपंचायत होती, तर कधी सरकारी नियमांचे पुस्तक. पण तिला स्वतःला विचारण्याची रीत फार उशिरा आली, आणि ती अजून पुरती आलेली नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची आहे असे कोणी समजू नये. पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्लंड व वेल्समध्ये १९२१ ची जनगणना झाली, तेव्हा पुरुषांपेक्षा स्त्रिया सतरा लाखांहून अधिक भरल्या. तेथील वृत्तपत्रांनी या मुलींना 'शिल्लक स्त्रिया' म्हणायला सुरुवात केली. जणू दुकानात न खपलेला माल! याच मुलींनी युद्धकाळात दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामे केली होती. पण १९१८ साली स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो तिशी ओलांडलेल्यांना. त्याच कायद्याने युद्धात सेवा केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मात्र मत दिले. एकवीस वर्षांच्या मुलीला ते मिळायला १९२८ साल उजाडले.

आता आपल्याकडे येऊ. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला संपले. अवघे चौदा दिवस! आपल्या बाजूचे सुमारे ३,८०० जवान व अधिकारी त्यात कामी आले. त्या काळी मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय पंधरा होते. ते अठरा झाले १९७८ साली. म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी विधवा होणे कायद्याच्या चौकटीत राहूनही सहज शक्य होते. कायद्याने मत द्यायलासुद्धा तेव्हा एकवीस वर्षे पूर्ण लागत.

अशा मुलींसाठी सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ साली युद्धात पडलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी वाढीव कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर झाले. याचे गणित थोडे समजून घेण्यासारखे आहे. सैन्यातील माणूस सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने वारला तर कुटुंबाला साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. सुरुवातीची काही वर्षे ५० टक्के. सेवेमुळे मृत्यू ओढवला असेल तर ६० टक्के. प्रत्यक्ष युद्धात तो पडला असेल तर शेवटच्या पगाराइतकी पूर्ण रक्कम. हे आजचे प्रमाण आहे. खेड्यातल्या कोरडवाहू घरात दरमहा ठरलेल्या दिवशी येणारा पैसा म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल.

परंतु या पैशाला एक अट होती. विधवेने दुसरे लग्न केले की निवृत्तिवेतन बंद. आणि त्या अटीला एक अपवाद होता: तिने मयत नवऱ्याच्या भावाशीच लग्न केले आणि त्याच कुटुंबात राहून इतर वारसांचा सांभाळ केला, तर निवृत्तिवेतन चालू! मी हे प्रथम वाचले तेव्हा माझा विश्वासच बसेना. सरकारने नियम करावा, आणि त्यात मुलीने कोणाशी लग्न करावे हेही सांगून टाकावे?

हा अपवाद आकाशातून पडलेला नाही. पंजाब-हरियाणात शेतकरी जातींमध्ये 'करेवा' नावाची चाल आहे. विधवेवर दिराने चादर घातली की ती त्याची बायको होते. इंग्रजांच्या सैन्यात त्याच प्रदेशातून मोठी भरती होत असे. इतिहासकार प्रेम चौधरी यांनी या चालीचा बारकाईने अभ्यास केला आहे. विधवा घराबाहेर गेली तर तिच्याबरोबर जमीन जाईल, ती जाऊ नये म्हणून ही चाल टिकविली गेली, असे त्या दाखवितात. जमिनीच्या जागी निवृत्तिवेतन ठेवा, म्हणजे नियमाचा अर्थ उलगडतो. तसे पाहिले तर १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यातही हीच गोम होती. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, आणि त्याच कायद्याने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. आपल्याकडे ज्या जातींत पाट लावण्याची रूढी होती त्यांच्यातील विधवा अशीही लग्न करीतच होत्या. शिकलेल्या समाजाने केलेल्या सुधारणेचा त्यांना काय उपयोग झाला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आमचे गाव तेल्हारा तालुक्यात, अडगावपासून फार दूर नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील दुसऱ्याचे वावर बटईने करतात. आईला सही करता येते, वाचता येत नाही. गावात वेशीजवळ एक आजी राहतात. त्यांचे पहिले यजमान १९७१ च्या लढाईत पडले. तेव्हा आजी एकोणीस वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हते. वर्षश्राद्ध झाल्यावर घरातल्या मोठ्या माणसांनी दिराशी पाट लावून दिला. या लेखासाठी मी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन बसले. त्या कापसाच्या बोंडांतून सरकी काढीत होत्या.

मी विचारले, "आजी, तवा तुह्या मनात काय व्हतं?"

"काय सांगू व माय तुले," त्या म्हणाल्या, "देर माह्यापेक्षा चार वर्सानं लहान व्हता. मले कोनी इचारलं नाई, त्याले बी कोनी इचारलं नाई. पेन्शन घरात रायली पायजे, असं समद्यायचं म्हननं पडलं."

पेन्शनचे पैसे आणायला सासरे बरोबर जात. आजींचा अंगठा आणि सासऱ्यांचा खिसा, अशी वाटणी होती. पुढे सासरे गेले, दीर म्हणजे दुसरे यजमानही गेले. आता पैसा बँकेत जमा होतो आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आजी नातवाच्या मोटारसायकलवर बसून जातात. त्या दुःखी आहेत असे मला दिसले नाही. दोन मुलगे झाले, सुना आहेत, घरात त्यांचा शब्द चालतो. पण "माहेरी परत जावं असं वाटलं नाही का?" या प्रश्नावर त्या बराच वेळ सरकी काढीत राहिल्या, आणि मग त्यांनी मला माझ्या लग्नाचे विचारले.

आजींच्या बाबतीत निदान एक गोष्ट स्पष्ट होती. घरी तार आली होती, मृत्यू नक्की होता. युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या बायकांचे काय? मराठी वाचकाला येथे पानिपत आठवेल. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ रणांगणावर दिसेनासे झाले. पार्वतीबाई त्या मोहिमेत बरोबर होत्या. त्या जिवंत परत आल्या. त्यांनी वैधव्य पत्करले नाही. मध्यंतरी भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याने कोकणात धुमाकूळ घातला, १७७६ साली त्याला देहदंड झाला. सारा मराठी मुलूख तोतयाच्या गोष्टी रंगवून सांगतो; पण पुण्याच्या वाड्यात १७८३ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, त्या बाई कशा राहिल्या असतील याचा विचार फारसा होत नाही.

पानिपतानंतर दोनशे दहा वर्षांनी हाच प्रसंग पुन्हा घडला. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पकडलेल्या भारतीय वैमानिकांविषयी पाकिस्तानी वृत्तपत्रात जी बातमी आली तीत तांबे यांच्यासारखेच एक नाव होते. तेव्हापासून दमयंतीबाईंनी शोध सोडला नाही. २००७ साली बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहायला गेले, त्यांत त्याही होत्या. त्या युद्धातील असे ५४ जण सरकारी यादीत बेपत्ता म्हणून आहेत. कायद्याचे म्हणणे असे की सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा नाही तो मेला असे धरावे. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे १०८ वे कलम होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तेच १११ वे झाले. सात वर्षे! तेविसाव्या वर्षी थांबलेल्या मुलीला तिसाव्या वर्षी सरकार सांगणार की आता तू विधवा समज. कुंकवाचे काय करायचे, हे कलम सांगत नाही.

सीमेच्या पलीकडे, बांगलादेशात, याहून भयंकर घडले. नऊ महिन्यांच्या त्या युद्धात फार मोठ्या संख्येने स्त्रियांवर बलात्कार झाले. त्यांत कोवळ्या मुली पुष्कळ होत्या. युद्ध संपताच, १९७१ च्या डिसेंबरातच, नव्या सरकारने त्यांना 'बीरांगना' ही पदवी दिली. हेतू चांगला होता. लोकांनी त्यांना सन्मानाने घरात घ्यावे, तरुणांनी त्यांच्याशी लग्ने करावीत, असा प्रयत्नही झाला. पण घराघरांतून दारे लागली. वीरांगना आणि वारांगना या दोन शब्दांत अंतर ते किती! बंगालीतही तितकेच आहे, आणि कुचेष्टा करणाऱ्यांनी ते ओलांडायला वेळ लावला नाही. ज्या पदवीने मान मिळायचा तिनेच ओळख पटू लागली. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांची सरकारदप्तरी नोंद व्हायला २०१५ साल लागले. तोवर त्या आज्या झाल्या होत्या, आणि कित्येक नव्हत्याच.

आपल्याकडे आता 'वीरपत्नी', 'वीरनारी' हे शब्द आहेत. स्वातंत्र्यदिनाला शाल-श्रीफळ देतात. मला शब्दाविषयी तक्रार नाही. पण वीस वर्षांच्या मुलीला एकदा वीरपत्नी म्हटले की तिने पुन्हा लग्न करणे म्हणजे जणू त्या वीराचा अपमान, असे गावाला वाटू लागते. सिनेमाला गेली तरी बोलतात, रंगीत साडी नेसली तरी बोलतात. पूर्वी ज्या गोष्टीला 'विधवेने असे वागू नये' म्हणत, तिलाच आता 'वीरपत्नीला शोभत नाही' असे म्हणायचे, एवढाच फरक.

नियम मात्र बदलले, हे सांगितलेच पाहिजे. सहाव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २००६ पासून, मूलबाळ नसलेल्या विधवेने दुसरे लग्न केले तरी, तिचे स्वतःचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर, तिचे कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहू शकते. दिराशीच लग्न हवे असे नाही. शौर्यपदक मिळालेल्या जवानांच्या विधवांना जो वेगळा भत्ता मिळतो त्याला मात्र दिराची अट पुढेही चिकटून राहिली. ती काढल्याचा आदेश निघाला १६ नोव्हेंबर २०१७ रोजी. म्हणजे माझ्या आयुष्यात! चंद्रावर यान पाठवून झाले होते, आणि पदकाच्या भत्त्यासाठी दिराशीच लग्न करण्याची अट कागदावर शाबूत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः प्रशिक्षण घेऊन लेफ्टनंट झाल्या. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल केली गेली. त्या शिकलेल्या होत्या, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. आमच्या आजींना ही वाट कोणी दाखविली असती तरी त्या तिच्यावरून चालू शकल्या नसत्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. आमच्या गावात तसा ठराव अजून झालेला नाही.

आणखी एका बदलाविषयी लिहून हा लेख संपवते. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. साडेसतरा वर्षांपासूनची मुले चार वर्षांसाठी सैन्यात घेतली जातात, त्यांना अग्निवीर म्हणतात. भरतीला अविवाहित असावे लागते आणि चार वर्षे लग्न करता येत नाही. म्हणजे त्या चार वर्षांपुरता विधवेचा प्रश्नच नियमाने काढून टाकला आहे. मागे राहतात त्या आई आणि बहिणी. अग्निवीर लढताना पडला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या काळाचा पगार वगैरे मिळून मोठी रक्कम घरी येते. पण नेहमीचे कुटुंब निवृत्तिवेतन नाही. कर्तव्यावर प्राण देणारा पहिला अग्निवीर म्हणून ज्याचे नाव देशभर घेतले गेले तो अक्षय गवते आपल्याच वऱ्हाडातला, बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला त्याला मृत्यू आला.

माझा भाऊ गेले वर्षभर पहाटे चारला उठून तेल्हाऱ्याच्या रस्त्याने धावतो. गावातली आणखी सात-आठ मुले त्याच्याबरोबर असतात. तो लागला तर माझे तिसरे वर्ष आणि पुढचे बी.एड. त्याच्या पगारावर व्हायचे आहे, असे घरात ठरले आहे. योजनेच्या अटी मराठीत छापून आल्या होत्या, त्या मी आईला वाचून दाखविल्या. रकमेचा आकडा ऐकून ती काही बोलली नाही. "अन् पेन्शन?" एवढेच तिने विचारले. नाही, असे मी सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "रोख पैसा घरात आला का भाऊबंद जमा होतात. पेन्शन म्हैन्याच्या म्हैन्याले येते, थे बाईच्या हाती रायते." वेशीजवळच्या आजींची पेन्शन कित्येक वर्षे सासऱ्यांच्या खिशात जात होती, याची मी तिला आठवण दिली. तीही म्हातारी होईपर्यंतच, असे आईचे उत्तर होते. सासरे गेले, पण पेन्शन येतच राहिली आणि शेवटी आजींच्याच हाती लागली.